अर्ध्या सुतावर थांबलेलं टेबल

माझ्या मुलीने आजवर एकही गाठ कापलेली नाही. लोकरीचा गुंता असो, बुटाची नाडी असो, नाहीतर पार्सलची सुतळी. कात्री हाताशी असली तरी ती नखांनी सोडवत बसते. सहा वर्षांची होती तेव्हा मांजराने माझ्या अर्धवट विणलेल्या स्वेटरची पार दैना केली होती. मी तो गोळा कचऱ्यात टाकला. हिने तो बाहेर काढला आणि तीन दिवस पलंगाखाली बसून सोडवला. चौथ्या दिवशी माझ्यापुढे गुंडी ठेवली आणि म्हणाली, "ओढायचं नसतं, आई. कुठे अडलंय ते बघायचं असतं."

माझे वडील तेव्हा आमच्याकडे आले होते. ते सुतार. त्यांनी ती गुंडी हातात घेऊन उलटसुलट फिरवली आणि म्हणाले, "ही मुंगी आहे. हिला घाई शिकवू नका." तेव्हापासून ती मुंगीच झाली. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आता फक्त दाखल्यावर उरलं आहे.

या स्वभावाचे तोटे मी पुरेपूर भोगले आहेत. परीक्षेत पहिलंच गणित अडलं की ही तिथेच मुक्काम ठोकायची आणि पुढची सहा कोरी सोडून यायची. पदवीला एक वर्ष जास्त लागलं. मग एका फ्रेमच्या दुकानात लागली. दिवसभर लाकडी पट्ट्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच बसवायची. तिच्या मैत्रिणी कुठल्या कुठे गेल्या आणि ही पंचेचाळीस अंशांच्या कोनात रमली. मी रात्रंदिवस काळजी करायचे. तिचे बाबा म्हणायचे, "तू काळजी कर, मी झोपतो. दोघांनी एकच काम कशाला करायचं?"

दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. जाताना त्यांनी आपलं रंधा मशीन नातीच्या नावाने सांगून ठेवलं.

हे मशीन आमच्या घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा वयाने मोठं आहे. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दोन लांब टेबलं, एकापुढे एक. मधल्या फटीत पाती बसवलेला लोखंडी रूळ गरगर फिरतो. फळी पुढच्या टेबलावरून ढकलायची, मागच्या टेबलावर ती गुळगुळीत होऊन निघते. पुढचं टेबल मागच्यापेक्षा जरासं खाली असतं, आणि जितकं खाली तितकं लाकूड सोललं जातं. सुताराच्या मापात इंचाचे आठ सूत. वडिलांचं टेबल नेहमी अर्ध्या सुतावर असायचं. जिथे दुसरा सुतार एका फेरीत काम उरकायचा तिथे ते चार-चार फेऱ्या करायचे. गिऱ्हाईक ताटकळलं की म्हणायचे, "आमचं मशीन लाजाळू आहे हो, मोठा घास घेत नाही."

पूर्वी घ्यायचं. मी सोळा वर्षांची होते तेव्हा एका फळीत गाठ लपलेली होती आणि टेबल चांगलं दोन सूत खाली होतं. पात्याने गाठ पकडली, फळी उसळून मागे आली आणि वडिलांचा डावा हात पुढे गेला. मधल्या बोटाचं अर्धं पेर गेलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ते शेडमधून घरी आले की आई दारातच विचारायची, "मोजून दाखवा." ते दोन्ही पंजे पसरून म्हणायचे, "साडेनऊ! पूर्ण भरले." मग आई बाजूला व्हायची. आम्ही हसायचो. आई कधीच हसली नाही.

तर हे मशीन मुंगीला मिळालं. दोन वर्षं ते शेडमध्ये तसंच पडून होतं. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे तिच्या मामाने, फोन केला. शेडचा मालक जागा परत मागत होता. "मुंगीबाई, रविवारपर्यंत काय ते ठरव," तो म्हणाला. "रविवारी टेम्पो येतोय. चालू झालं तर तू ने, नाही झालं तर भंगारवाला नेईल."

तिच्या दुकानाला पट्ट्या पुरवणारा एक कारखानदार तिला कामासाठी जागा द्यायला तयार होता. त्याची अट सोपी होती: "चालतं मशीन आण, कोपरा तुझा. गंजलेलं लोखंड ठेवायला माझ्याकडे जागा नाही." म्हणजे सहा दिवसांत मशीन सुरू झालं तर मुलीचं स्वतःचं काम सुरू होणार होतं, आणि नाही झालं तर आजोबांचं मशीन वजनावर जाणार होतं. तिने दुकानातून आठवड्याची सुट्टी घेतली.

मी रोज दुपारी डबा घेऊन शेडमध्ये जायचे आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून राहायचे. पहिल्या दिवशी डब्याच्या पिशवीतून कापूस, पट्टी आणि जखमेचं मलम निघालं. ते बघून ती म्हणाली, "आई, तू जेवण आणलंयस की दवाखाना?"

"असू दे. खाऊन घे आधी."

"दवाखाना आधी खाऊ की डबा?"

पण तिचं काम पाहत बसावं असंच होतं. सगळ्यात आधी तिने मशीनला हातच लावला नाही. वही काढली आणि चारही बाजूंनी चित्रं काढली. मग मशीनभोवती हळूहळू फिरत स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने जागोजाग टकटक करत गेली, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसं. निघालेला प्रत्येक बोल्ट वेगळ्या डबीत आणि डबीवर चिठ्ठी. रूळ हाताने फिरवून पाहिला तर आत खडी भरल्यासारखा कुरकुरत होता. बेअरिंग गंजली होती. ती नवी मिळत होती, पण रूळ बाहेर काढायचा तर पुढचं टेबल त्याच्या बैठकीच्या तिरक्या उतारावरून खाली सरकवायला हवं होतं. ते सरकवायचं चाक टेबलाखाली आहे. मुंगीने चाक धरलं. ते तसूभरही हललं नाही.

"जाम झालंय," ती म्हणाली आणि चक्क खूश झाली. हिच्यासाठी हा लोकरीचा मोठा गुंताच होता.

मशीनशेजारच्या खिळ्याला एक लहानशी एलन की टांगलेली होती, सहा कोनांची, इंग्रजी एल अक्षरासारखी वाकलेली. मुंगीने ती एकेक करून सगळीकडे लावून पाहिली. मशीनवर ती बसेल असा एकही बोल्ट नव्हता. "आजोबा उगाच काही टांगून ठेवणाऱ्यातले नव्हते," असं म्हणून तिने वहीत लिहिलं: किल्ली कशाची?

मलाही ते माहीत नव्हतं. पण टेबल का हलत नाही, ते मला माहीत होतं.

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर मुलीची गोष्ट अर्धीच राहील. वडिलांचं बोट गेलं त्याच्या पुढच्या आठवड्यात, ते दवाखान्यात पट्टी बदलायला गेले असताना, मी शेडमध्ये गेले होते. टेबल घट्ट करायला बाजूला एक मूठ होती, काळ्या गोळ्याची. मी टेबल अर्ध्या सुतावर आणलं आणि मूठ काढून टाकली. शेजारच्या फिटरकाकांना खोटंच सांगितलं की बाबांनी निरोप दिलाय, टेबल इथेच कायमचं बसवायचं आहे. त्यांनी मुठीच्या भोकात एक बिनडोक्याचा स्क्रू आवळला आणि त्यावर दुसरा. "एकावर एक बसवला की खालचा बापजन्मात ढिला होत नाही," ते म्हणाले. ते गेल्यावर मी त्या भोकावर पुट्टी भरली आणि उरलेला हिरवा रंग लावला. मूठ घरी नेली. आता हे मशीन मोठा घास घेऊ शकणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वडील कामावर परतले. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. मीही बोलले नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, वडील म्हातारे झाले. टेबल अर्ध्या सुतावरच राहिलं.

आणि आता माझी मुलगी त्याच टेबलाशी झुंजत होती. तिची दहाच्या दहा बोटं माझ्या डोळ्यांसमोर तेलाने काळी होत होती. मी गप्प राहिले तर रविवारी टेम्पो येईल, मशीन जाईल आणि बोटं शाबूत राहतील. मी मूग गिळून बसले.

मंगळवार आणि बुधवार तिने टेबलाच्या उतारात तेल सोडलं. थेंब थेंब, दर दोन तासांनी. गरम पाण्यात बुडवून पिळलेली फडकी बीडावर गुंडाळायची, लोखंड कोमट झालं की फडकी काढायची, पुन्हा तेल. मधल्या वेळात लाकडी हातोडीने हलकेच टिचक्या. मामा एकदा डोकावला. म्हणाला, "मुंगे, अशी थोपटत बसलीस तर मशीन झोपेल. दोन सणसणीत टोले हाण."

"मामा, हे बीड आहे. बीड वाकत नाही, फुटतं."

"आणि टेम्पो थांबत नाही, जातो."

गुरुवारी तिला ते सापडलं. टेबलाची बाजू वाजवत जाताना एके ठिकाणी ठणच्या जागी थप असा आवाज आला. तिने तिथला रंग ब्लेडने खरवडला. खाली पुट्टी होती. ती दाताच्या डॉक्टरसारखी टोकरत गेली, आणि पुट्टीखाली स्क्रू दिसला. मी डब्याचं झाकण लावायचं विसरले.

"कुणीतरी हे मुद्दाम बंद केलंय, आई!"

"जुनं मशीन आहे," मी म्हणाले. "काय काय केलेलं असतं त्यात."

तो सरळ खाचेचा स्क्रू निघेपर्यंत शुक्रवारची संध्याकाळ झाली. तिने तो तळहातावर घेतला, मला दाखवला आणि चाकाला हात घातला. चाक जागचं हललं नाही. तिने भोकात टॉर्च मारला. तळाशी गंज आणि तेलाचा काळा चिखल होता. तिला वाटलं, भोक तिथेच संपलं.

ती पहिल्यांदाच जमिनीवर बसली.   घरी आल्यावर तिची वही टेबलावर उघडी होती, त्यात मला एक ओळ दिसली: *पुट्टी दोन वेळा भरलेली आहे. आत पांढरी, वर लालसर. दोनदा का?*

ती ओळ वाचून मी बुचकळ्यात पडले. मी पुट्टी एकदाच भरली होती.

शनिवारही तेलात गेला.

रविवारी दहा वाजता टेम्पो दारात लागला. भंगारवाला उतरून मांडवातल्या पाहुण्यासारखा आरामात पायरीवर बसला. मामा मात्र तयारीने आला होता: गाडीचा जॅक आणि एक जाड वासा. जॅक टेबलाखाली लावायचा आणि वाशाच्या आधाराने टेबल वर रेटायचं. "एकदा जागचं हललं की खालीही येईल," तो म्हणाला. "मरायला टेकलेल्या माणसाला डॉक्टर शेवटचं इंजेक्शन देतात की नाही? तसं समज."

मुंगीने त्या जॅककडे बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे सहा दिवसांत खोल गेले होते. नखं तुटली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला जणू कात्रीकडे हात नेताना पाहिलं.

"लाव," ती म्हणाली. "तसंही जाणारच आहे."

मामाने जॅकचा दांडा दोनदा दाबला. टेबलातून बारीकसा करकर आवाज आला. खालचा स्क्रू ते टेबल धरून होता, जॅक त्याला वर रेटत होता, आणि मधे होतं बीड. आणखी दोन दाब आणि सगळंच फुटलं असतं. तिच्या हातून. मी खोक्यावरून कधी उठले ते कळलं नाही.

"थांब! खाली अजून एक आहे."

मामा दांडा धरून तसाच थांबला. "काय अजून एक?"

"स्क्रू. पहिल्याच्या खाली. एकावर एक बसवलेत."

मुंगी माझ्याकडे वळली. "तुला कसं माहीत?"

"मी बसवून घेतलेत."

मामाने तोंड उघडलं. "ताई, तू? तुला तर बल्बसुद्धा—"

"मामा, जॅक सोड," मुंगी म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. मग मला म्हणाली, "हाही सरळ खाचेचा आहे, आई? की सहा कोनी?"

बास. रागावणं नाही, का केलंस नाही, इतके दिवस गप्प का बसलीस तेही नाही. कुठे अडलंय ते तिला आता कळलं होतं आणि तिला तेवढंच हवं होतं. तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी सांगितलं, नक्की आठवत नाही, सहा कोनी असावा. ती एक क्षण थबकली. मग तिने हात लांब केला आणि खिळ्यावरची ती लहानशी किल्ली काढली.

भोक साफ करायला तिला तासभर लागला. कापसाची वात करून चिखल टिपायचा, तेल सोडायचं, पुन्हा टिपायचं. कापूस माझ्या दवाखान्यातला. मामाने टॉर्च धरला. भंगारवाला आत डोकावला आणि म्हणाला, "जीव आहे का हो अजून?"

"आहे," मुंगी म्हणाली.

"मग मी कशाला ताटकळू? मला गेलेलीच लागतात." आणि तो तरीही थांबला.

किल्ली आत गेली आणि टक्कन बसली. जणू त्या भोकासाठीच केलेली.

मुंगीने ती लगेच फिरवली नाही. ती माझ्याकडे बघत हळू म्हणाली, "आई, आजोबांना माहीत होतं."

मी भोकात वाकून पाहिलं.

"त्यांनी उघडलं होतं. वरचा स्क्रू काढला, खालचा पाहिला, त्याच्या मापाची किल्ली आणली. मग परत तसंच बंद केलं. लाल पुट्टी त्यांची आहे. आणि किल्ली इथे टांगून ठेवली, हाताच्या अंतरावर."

तीस-बत्तीस वर्षं. जिथे एक फेरी पुरली असती तिथे चार. गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, सगळा दोष मशीनच्या लाजाळूपणावर टाकला, आणि किल्ली रोज डोळ्यांसमोर होती. मामाने टॉर्च खाली केला आणि उगाचच नाक पुसलं. "त्यांनी मला हळू काम करतो म्हणून किती शिव्या दिल्या होत्या," तो म्हणाला, "आणि स्वतः...!"

"टॉर्च वर," मुंगी म्हणाली.

स्क्रू सुटला. तिने चाक दोन्ही हातांनी धरलं. चाक आधी कण्हलं, मग केसभर हललं. तिने ते लगेच उलट फिरवलं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, प्रत्येक वेळी जरा जास्त. मला वाटत होतं की माझ्या सांगण्याने टेबल सुटलं. तसं नव्हतं. मी फक्त स्क्रू दाखवला. इतक्या वर्षांचा गंज तिच्या सहा दिवसांच्या तेलाने सैल झाला होता. नाहीतर स्क्रू काढूनही ते टेबल हललं नसतं. उताराच्या बीडावरून टेबल खाली घसरू लागलं, तेव्हा त्याखाली कित्येक वर्षांचा भुसा बारीक पिठासारखा दाबून बसलेला दिसला.

भंगारवाला उठला, पँट झटकली आणि मामाला म्हणाला, "भाडं द्या नुसतं. मशीन पोरीचं."

"पोरीचं नाही," मामा म्हणाला, "मुंगीचं."

मामाने शेडच्या मालकाकडून तीन दिवस मागून घेतले आणि नवी बेअरिंग बुधवारी बसली. मग भंगारवाल्याच्याच टेम्पोने मशीन कारखानदाराच्या कोपऱ्यात गेलं. त्याने ते चालू करून पाहिलं, मान हलवली आणि फक्त एवढंच म्हणाला, "आवाज चांगलाय." त्या धंद्यातल्या लोकांच्या भाषेत ही मोठी शाबासकी असते म्हणे.

त्या रात्री मी माझा बटणांचा डबा काढला. तळाशी, तुटक्या हुकांच्या आणि जुन्या कोटाच्या बटणांच्या खाली, काळ्या गोळ्याची मूठ होती. मुंगी लहानपणी तिच्याशी खेळायची आणि तिला 'राजाचं बटण' म्हणायची. मी ती तिच्या हातावर ठेवली. तिने ओळखली आणि बोटांनी आटे पुसून पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले तेव्हा मूठ आपल्या जागी बसली होती. टेबल होतं अर्ध्या सुतावर.

"तिथेच ठेवलंस?" मी विचारलं.

"सध्या. मी ठेवलंय म्हणून तिथे आहे. अडकलंय म्हणून नाही."

माझा घोर गेला असं नाही. तो जाणारही नाही. ती घरी येईपर्यंत मी तीनदा दाराशी जाते. मशीनच्या कामात मी आता नाक खुपसत नाही, पण पिशवीत कापूस असतो. मात्र मला एक गोष्ट आता माहीत आहे: जी मुलगी सहा दिवस तेलाचे थेंब सोडत बसू शकते, ती गाठ आलेली फळी घाईने ढकलणार नाही. माझ्या त्या दोन स्क्रूंपेक्षा हे जास्त पक्कं आहे.

आज ती उशिरा आली. केसांत भुसा, खांद्याला डब्याची पिशवी. दारातच म्हणाली, "आज एक सूत घेतलं. जाड फळी होती, आधी गाठी तपासल्या."

 मी विचारायच्या आधीच तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले.

मी मोजली. मग पुन्हा एकदा मोजली. ती दोन्ही वेळा हात न हलवता उभी राहिली.